ने

फ्लोरिनाच्या वरच्या आळीत,
जिथे ऑक्टोबरात खिडकीखिडकीला लाल मिरच्यांच्या माळा वाळतात,
झ्लात्का कामाला लागली, त्या पहिल्या संध्याकाळी
तिनं पेला पुढे करून खुणेनं विचारलं, पाणी?
एव्हान्थिया म्हणाली, ने.
झ्लात्कानं पेला मुकाट्यानं मोरीवर नेऊन ठेवला.

झ्लात्काच्या गावी, डोंगरापलीकडे बल्गेरियात,
ने म्हणजे नाही.
या घरात ने म्हणजे हो.
माझ्या भाषेतून ऐकाल तर बाईचं काही चुकलं नाही:
ने म्हटलं, नेला.

रात्रभर तहानलेली म्हातारी
सकाळी लेकाला फोनवर म्हणाली,
हाताला चलाख आहे, पण काळीज दगडाचं.

मानेवर भिस्त ठेवावी, तर तीही फितूर.
झ्लात्का हो म्हणताना मान आडवी हलवते,
एव्हान्थिया नाही म्हणताना हनुवटी वर करते
आणि जिभेनं च् करते, कोंबडीला हाकलावं तसं.
शेवटी तह झाला:
काठीनं पलंगाच्या दांडीवर एक टकटक, हो.
दोन, नाही.
ने घरातून हद्दपार.

रविवारी फोतिसचा फोन यायचा, बुसानच्या गोदीतून.
तो तिथे जहाजांचे रंग तपासतो.
त्याच्यामागून एकदा कुणीतरी घाईघाईनं, ने, ने, ने.
बघ, तिथेही आपली माणसं आहेत, म्हातारी खुलली.
आई, तो कोरियन आहे. हो म्हणतोय.
मग मी काय वेगळं सांगतेय?

या दोन होकारांचं एकमेकांशी काही नातं नाही.
परक्या गावात दोन अनोळखी माणसांनी
एकाच कापडाचा सदरा घालून समोर यावं, तेवढंच.
नातं आहे ते झ्लात्काच्या नकाराचं,
आमच्या न-शी, फार लांबून,
जत्रेत एकमेकांना न ओळखणाऱ्या चुलत्यांसारखं.

नोव्हेंबरात ताप चढला.
झ्लात्का औषधाचा चमचा घेऊन वाकली
आणि म्हातारीनं ओठ मिटले, उघडले:
ने. ने साकम, मायको.
नको. नको मला, आई.

चमचा तिथंच थांबला.
ही ग्रीक नव्हती.
झ्लात्काच्या आजोळची असावी इतकी जवळची होती.

ताप उतरल्यावर थोडं थोडं निघालं,
जुन्या गादीतून कापूस निघावा तसं.
एव्हान्थिया हे नाव शाळेच्या पटावरचं.
घरात ती त्स्वेता. दोन्हीत फूल आहे,
नाव बदलणाऱ्या कारकुनाला एवढी तरी दया होती.
सात वर्षांची असताना वर्गात
फळा पुसशील का, विचारलं, तर ने म्हणाली, घरचं ने.
मास्तरांनी सगळ्यांसमोर चमचाभर एरंडेल पाजलं.
दुसऱ्या दिवशी तेच विचारलं.
ती ने म्हणाली. शाळेचं.
शाबासकी मिळाली, खडू मिळाला.
तेव्हापासून चमचा म्हटलं की, ती म्हणाली,
आणि पुढे काही म्हणाली नाही.

डिसेंबरात बर्फानं रस्ता बंद.
डॉक्टर उद्या येतो म्हणाला.
पहाटे तीनच्या सुमारास झ्लात्कानं विचारलं,
आपल्या भाषेत, कारण आता चालत होतं,
दिवा ठेवू का?

ने.

काठी दांडीलाच टेकून होती. टकटक झाली नाही.
झ्लात्का बटणावर बोट ठेवून उभी राहिली,
किती वेळ ते तिला सांगता येत नाही.
मी तिथे नव्हतो.
असतो, तर मलाही माझंच ऐकू आलं असतं.

फोतिसनं फोनवर विचारलं, शेवटी काही बोलली का?
झ्लात्कानं मान हलवली, आडवी.
मग तिला आठवलं, फोनवर मान दिसत नाही.
खिडकीतली मिरच्यांची माळ तिनं उतरवून घेतली,
एक तोडली, बिया झटकल्या,
आणि फोतिस, हॅलो, हॅलो, करत राहिला.